भाऊरावांच्या डोक्यावरची एल्बो

मोताळ्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि जब्बार मिस्त्री हे त्या दुकानाला वीस वर्षांपासून जडलेलं दुखणं आहे. हे वाक्य त्यांच्या तोंडावर मी शेकडो वेळा म्हटलेलं आहे, त्यामुळे इथेही बेधडक लिहितो.

साधं गिऱ्हाईक येतं, दीड इंची एल्बो मागतं, पैसे टाकतं आणि जातं. एल्बो म्हणजे पाइपाला काटकोनात वळवणारा लोखंडी तुकडा. त्यात पाहण्यासारखं काही नसतं. जब्बारभाई येतात ते सबंध पेटी गल्ल्यावर उपडी करायला लावतात. मग सदऱ्याच्या खिशातून बोटभर लांबीची हातोडी निघते. मोडलेल्या व्हॉल्व्हच्या दांडीपासून त्यांनी ती स्वतः घडवली आहे. प्रत्येक एल्बो डाव्या हाताच्या दोन बोटांत लोंबती धरायची, हातोडीने तिला हलकेच टोला द्यायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. टिंग. पसंत. टिंग. पसंत. मधेच एखादी ठप्प वाजली की डोळे उघडत आणि माझ्याकडे असं बघत, जणू तिला तडा मीच घरी बसून पाडला आहे. चाळीसातून बारा निवडायला दीड तास. तेवढ्या वेळात माझी सहा गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊन परत घरी पोचलेली असत.

उरलेल्या अठ्ठावीस मी बोअरवेलवाल्यांना विकत असे. जब्बारभाईंची हरकत नसे. ते म्हणत, पाणी गरीब आहे, ते कुठूनही वाट काढून मुकाट्याने जातं. वाफ गरीब नाही.

वाफेवर ते सुरू झाले की दुकानाची शाळा होई. वाफेच्या लायनीला पांढरं जस्ताचं फिटिंग लावायचं नाही, काळंच लावायचं. मोठा पाइप लहान पाइपाला जोडायचा तर रेड्यूसर दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता घ्यायचा नाही. एका अंगाने सपाट असतो तो घ्यायचा, आणि सपाट पोट खाली ठेवायचं. का, तर वाफ थंडावली की तिचं पाणी होतं. निमुळत्या तोंडाशी ते तुंबतं, मागून येणारी वाफ त्याला ढकलते, आणि मग लाइन अशी ठोके देते की वाटतं आत कुणाला कोंडलंय. पाइपाला उतार हवाच, पाणी गुमान परत बॉयलरकडे गेलं पाहिजे. आणि शेवटचा, सगळ्यांत मोठा नियम: माणूस जिथे उभा राहून काम करतो, त्याच्या डोक्यावर जोड द्यायचा नाही. द्यावाच लागला तर सबंध मालातला सर्वांत चांगला तुकडा तिथे लावायचा.

या कानाची ख्याती पंचक्रोशीत होती. लोक त्यांच्याकडे टरबुजं आणत, माठ आणत. एकाने लेकीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो आणला होता. जब्बारभाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "याले वाजवता येत नाही."

आमच्या दोघांत एक रिवाज होता. दसरा झाला की गिरण्यांच्या लायनी दुरुस्तीला निघत आणि जब्बारभाई हंगामाचा माल घ्यायला येत. त्या दिवशी मी पेटीत एक तडकलेली एल्बो मिसळायचो. दरवर्षी तीच. तडा केसाएवढा, वरून काळा रंग दिलेला. डोळ्यांनी ब्रह्मदेवालाही दिसला नसता. ओळखायला म्हणून तिच्या आतल्या आट्यांवर मी कानशीने एक रेघ मारून ठेवली होती. जब्बारभाईंनी ती वेगळी काढली की चहा आणि भजी माझ्याकडून. नाही काढली तर त्यांच्याकडून. वीस वर्षांत चहा मीच पाजला. त्या सोहळ्याला बाकावर ठरलेले प्रेक्षक असत ते म्हणजे भाऊराव. ते तेलगिरणीत केटल सांभाळत आणि जब्बारभाईंचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांची घरं एका नाल्याच्या दोन काठांवर, एक मशिदीमागे आणि एक बुद्धविहाराशेजारी. अलीकडे दोनेक वर्षं हा सोहळा चालू असताना भाऊरावांना कान खाजवायची सवय लागली होती. मी त्यांना कानात तेल घालायचा सल्ला देत असे. ते हसत.

केटल म्हणजे काय, तेही सांगतो. कापसातून रुई काढली की उरते ती सरकी. ती दाबून तेल काढायच्या आधी केटलमध्ये गरम करतात. केटल हे दुहेरी भिंतीचं मोठं लोखंडी पातेलं. दोन भिंतींच्या मधे वाफ खेळते, आत सरकी शिजते, आणि एक माणूस बारा-बारा तास शेजारी उभा राहून ती हातात घेऊन बघतो. वाफ जास्त नाही, किलोभर दाबाची. बॉयलरवाले तिला हसतात. पण माणसाचं कातडं सोलायला तेवढी पुरते.

बीटी आली तेव्हा आमच्याकडे पहिली काही वर्षं कापूस घरात मावेना. लोक देवघरात कापूस भरून देवाला ओसरीवर बसवत. जिनिंग निघाल्या, तेलगिरण्या निघाल्या आणि जब्बारभाईंना जेवायला फुरसत मिळेना. मग बोंडं लहान होऊ लागली. पानं लाल पडू लागली. बियाण्याचं पाकीट आणि फवारणीचं औषध दरवर्षी नव्या नावाचं आणि शेत तेच. मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी ऑगस्टनंतर पाऊसच आला नाही. पहिल्याच वेचणीत बरीच शेतं रिकामी झाली. तालुक्यातल्या दोन गिरण्यांनी दार उघडलंच नाही. त्यांतल्या एकीत भाऊराव होते.

ती बंद पडलेली केटल भगवंतरावांनी आपल्या गिरणीसाठी उचलली आणि केटलीसोबत भाऊरावांनाही बोलावलं. लायनीचं काम जब्बारभाईंना दिलं. मुनीम विरोधात होता. ठिबकची कामं करणारी नवी पोरं निम्म्या पैशात करतील, मिस्त्री म्हातारा झाला, असं त्याचं म्हणणं. भगवंतराव म्हणाले, पोरं पाण्याची आहेत, हा माणूस वाफेचा आहे. तालुक्यात त्या हंगामात वाफेचं तेवढं एकच काम होतं.

मंगळवारी जब्बारभाई माल घ्यायला आले. सोबत मुनीम आला होता, आणि ठिबकवाला एक तरुण फिटर उगाचच बाकावर येऊन बसला होता. भाऊराव नव्हते. त्यांची मुलगी सारिका धाड गावी दिलेली. तिच्या सासरी एका वेचणीत कापूस संपला आणि माणसं कामाला बाहेर पडायच्या बेतात होती, म्हणून तिला काही दिवस माहेरी आणायला ते गेले होते.

मी रिवाजाप्रमाणे माझी तडकलेली एल्बो पेटीत मिसळली आणि पेटी उपडी केली.

त्या दिवशी जब्बारभाई हळू होते. एकेक एल्बो दोनदा, तीनदा वाजवत. टोलाही जोराचा. माझ्या कानाला सगळ्या टिंग वाजत होत्या, पण ते कपाळाला आठ्या घालून एल्बो कानाला अगदी चिकटवत. मी म्हटलं, आज काय मिस्त्री, एल्बोशी कानगोष्टी चालल्यात? त्यांनी पुढची एल्बो उचलून कानाला लावली. मला वाटलं, मुनीमासमोर भाव खाताहेत.

मग माझी एल्बो त्यांच्या हातात आली. ठप्प. मला पलीकडे उभं राहून स्पष्ट ऐकू आलं. मी भजीवाल्याला हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं होतं.

जब्बारभाईंचा चेहरा उजळला. त्यांनी ती पुन्हा वाजवली. ठप्प. त्यांनी ती कपाळाला लावली, खिशातून खडू काढून तिच्यावर फुली मारली आणि मुनीमाला म्हणाले, "हे पाहा. पुऱ्या मालात एक नंबर. केटलीपाशी बीम आडवा येते, तिथं भाऊरावच्या डोक्यावर जोड टाळता येत नाही. हे तिथं लावतो."

तरुण फिटर माझ्याकडे बघत होता. त्याला काही कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी गप्प राहिलो. मी एक शब्द बोललो असतो तर मुनीमाने तिथल्या तिथे काम त्या पोराला दिलं असतं आणि बाजार उठायच्या आत साऱ्या मोताळ्याला कळलं असतं की जब्बार मिस्त्रीचे कान गेले. मी ठरवलं, माल गिरणीत न्यायला ॲपे रिक्षा येईल तेव्हा गुपचूप बदलून टाकू. जब्बारभाईंनी बाकीचा माल पेटीत भरला आणि फुलीची एल्बो स्वतःच्या खिशात घातली.

माझ्या विनोदी स्वभावाचं कौतुक मी बऱ्याच ठिकाणी ऐकलेलं आहे. त्या दिवशी गल्ल्यामागे उभा राहून मला तो स्वभाव कुठेतरी टाकून यावासा वाटला.

संध्याकाळी मी एक चांगली एल्बो घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते गिरणीतच होते. ताहेराभाभींनी पाणी दिलं. मी विषय कसा काढावा याच्या विचारात होतो, तेवढ्यात त्यांनीच तो काढला. माझा चेहरा बघूनच त्यांना समजलं असावं. दोन वर्षं झाली, म्हणाल्या. दारावरची कडी ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, अजान झाल्याचं शेजारच्यांच्या चपला हलल्या की कळतं. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. जन्मभर पाइपावर घण घातले, सरकीचं तेल काढणाऱ्या एक्स्पेलरशेजारी उभे राहिले, त्यात गेले कान. बुलढाण्याच्या डॉक्टरने मशीन सांगितलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही, कारण मशीन लोकांना दिसतं.

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. चांगल्या एल्बोचा आवाज बारीक असतो. तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. तडकलेलीचा आवाज जाड. ती एकटीच त्यांना बोलताना ऐकू आली होती.

"भाऊ, कोणाले सांगू नका," ताहेराभाभी म्हणाल्या. "हे एकच काम हाय यंदा. काम गेलं तर चालन. पण त्याहिले कोणी मिस्त्री म्हननं बंद केलं तर तो माणूस बसून राहीन."

मी एल्बोबद्दल बोललो नाही. बोललो असतो तर त्या माउलीने स्वतः जाऊन गिरणी बंद पाडली असती. मी नुसतं 'हो' म्हणून उठलो.

बुधवारी मी गिरणीत गेलो, खिशात चांगली एल्बो घेऊन, जसा चोर बनावट किल्ली घेऊन जातो तसा. फुलीची एल्बो जागेवर चढलेली होती. बीमखाली, केटलीच्या माणसाच्या डोक्यापासून हातभर वर. जब्बारभाईंनी शिडीवरूनच मला ती कौतुकाने दाखवली. रेड्यूसरचं सपाट पोट खाली होतं, उतार दोरी धरून बघावा असा सरळ होता. त्या लायनीत माझी एल्बो सोडून कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. मी छान म्हटलं आणि परत आलो. गुरुवारी मी स्वतःला समजावलं की किलोभर दाबाच्या वाफेने काही होत नाही. रिवाजाची एल्बो वीस वर्षं माझ्याकडे पडून आहे, ती कधी फुटली नाही. अर्थात वीस वर्षांत तिच्यातून वाफही कधी गेली नव्हती. दुपारी भाऊराव मुलीला आणि तिच्या दोन लेकरांना घेऊन एसटीतून उतरताना दिसले. मला हात करून म्हणाले, उद्या जुम्म्याची नमाज झाली की वाफ सोडणार, या बघायला.

त्या रात्रीच मी चांगली एल्बो शुक्रवारच्या सदऱ्याच्या खिशात घालून ठेवली.

शुक्रवारी मी नमाज सुटायच्या आधीच गिरणीत जाऊन बसलो. जब्बारभाई धुतलेला सदरा घालून आले. बॉयलर तापलेला होता. भाऊराव केटलीपाशी आपल्या जागेवर उभे राहिले होते आणि दुसऱ्या केटलीचा एक्स्पेलर चाचणीसाठी चालू होता. त्याचा आवाज असा की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागे. भगवंतराव, मुनीम, सरकी ओढणाऱ्या बाया, सगळे जमलेले. मी जब्बारभाईंना कोपऱ्यात नेलं आणि तिथे माझ्या लक्षात आलं की या माणसाला गुपित सांगताच येत नाही. हळू बोललो तर त्यांना ऐकू येणार नाही आणि त्यांना ऐकू येईल असं बोललो तर अख्ख्या गिरणीला ऐकू जाईल.

मी खिशातलं बिलबुक काढलं आणि एका कोऱ्या बिलावर लिहिलं: 'रिवाजाची एल्बो यंदा तुम्ही काढली नाही. तीच फुलीची. आत माझी रेघ आहे.'

जब्बारभाई चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. मग बिलाची घडी करून ती हातोडीच्या खिशात ठेवली.

"कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी बोटांनी वार मोजून दाखवले. मंगळवार.

"आज शुक्रवार हाय," ते म्हणाले.

एवढंच. मला वाटलं होतं ते चिडतील, शिव्या घालतील. मी तयारी करून गेलो होतो. ते वळले आणि भगवंतरावांकडे गेले. वाटेत त्यांनी हाताने खूण करून एक्स्पेलर बंद करायला लावला. अचानक सगळं शांत झालं. ते मोठ्याने बोलले, कारण त्यांना आता सगळंच मोठ्याने बोलावं लागे.

"शेठ, आज वाफ सोडू नका. माह्या कानाचा भरवसा राह्यला नाही. भाऊच्या डोक्यावर मी तडकेल एल्बो लावली."

मुनीम भलतीकडेच बघू लागला. भगवंतरावांनी वर एल्बोकडे पाहिलं, खाली भाऊरावांकडे पाहिलं. कधीपासून हे, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर जब्बारभाईंच्या आधी भाऊरावांनीच दिलं. दोन साल झाले, म्हणाले. दुकानात बाकावर बसून ते ऐकत, आणि तुकडा खराब वाजला की कान खाजवत. यंदा धाडला जावं लागलं, म्हणून राहिलं. हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. तेलाचा सल्ला देणारा शहाणा कोण, ते मला आठवलं.

"तुले तर समजतच होतं," भाऊराव मित्राला म्हणाले. "मी खाजवलो का तू ठेवून देत होता. मंग यंदा माह्यासाठी थांबला काऊन नाही बे?"

जब्बारभाई वर फुलीच्या एल्बोकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही की काय असं वाटून भाऊराव पुन्हा म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तिचा आवाज आला मले," ते म्हणाले. "दोन साल मी हलके टोले देऊन डोळ्याच्या फटीतून तुह्याकडंच पाहत होतो; यंदा कानाला लावून जोरानं वाजवली, तं पहिल्यांदा एखादीचा साफ आवाज आला. मले वाटलं, कान परत आले."

बॉयलरची वाफ उतरवली. एल्बो काढली तेव्हा आत माझी रेघ होती. मी खिशातली चांगली पुढे केली. जब्बारभाईंनी ती घेतली, पण वाजवली नाही. म्हणाले, आता एकीवर भागत नाही, सगळी लाइन तपासावी लागेल. पाण्याने दाब देऊन लाइन तपासणाऱ्यांना ते जन्मभर बहिरे म्हणत आले होते. आता त्यांनी स्वतः सांगितलं, फवारणीचा पंप आणा. त्या वर्षी गावात फवारणीचे पंप रिकामेच पडले होते. फवारायला शेतात उरलं काय होतं? तीन घरांतून तीन आले. लायनीत पाणी भरलं, एक टोक बंद केलं, भाऊरावांनी दांडा मारून दाब चढवला आणि जब्बारभाई शिडीवर चढून एकेका जोडाला तळवा लावत गेले. अकरा जोड. प्रत्येक जोडावर हात ठेवून थांबायचं, हात काढून बघायचा, ओला आहे का. एका ठिकाणी ओला लागला. तीही एल्बो चांगली म्हणून पसंत झालेली होती. ती बदलली. पुन्हा पाणी, पुन्हा पंप, पुन्हा पहिल्यापासून अकरा. बाया पोती उशाला घेऊन बसल्या होत्या. कुणी हसलं नाही.

शनिवारी सकाळी वाफ सोडली. लायनीने एकसुद्धा ठोका दिला नाही. केटल सुरू झाली, भाऊरावांनी पहिली मूठभर गरम सरकी हातात घेऊन दाबून पाहिली आणि मान डोलावली. जब्बारभाई दिवसभर त्या एल्बोखाली उभे होते, भाऊरावांच्या जागेवर, त्यांना बाजूला सारून. संध्याकाळी घरी गेले.

भगवंतराव वाईट माणूस नाही. त्यांनी ठरलेलं सगळं दिलं आणि एक शब्द वावगा बोलले नाहीत. पण गिरणीतली पुढची किरकोळ कामं त्यांनी ठिबकवाल्या पोराला दिली, आणि मुनीमाने बाजारात सांगायचं ते सांगितलं. टरबुजं यायची थांबली. तसाही गिरणीचा हंगाम संक्रांतीलाच संपला, सरकीच नव्हती. सारिका लेकरांना घेऊन परत धाडला गेली आणि तिथून पुढे कुठेतरी ऊसतोडीला, नवऱ्यासोबत.

पुढच्या दसऱ्यानंतर मी पेट्या लावत होतो तेव्हा जब्बारभाई दुकानात आले. मागे भाऊराव. दोघे बाकावर बसले. घ्यायचं काही नव्हतं. वाफेचं एकही काम तालुक्यात निघालं नव्हतं. थोडा वेळ पावसाच्या गोष्टी झाल्या, म्हणजे भाऊराव बोलले आणि मी बोललो; जब्बारभाईंना आता जाड आवाजही नीट येत नव्हता. मग जब्बारभाईंनी हातोडी काढून गल्ल्यावर ठेवली.

"पंजाबभाऊ, पेटी काढा."

मी म्हटलं, राहू द्या मिस्त्री. ती एल्बो मी भंगारात टाकली. हे खोटं होतं आणि मला खोटं बोलता येत नाही, हे मोताळ्यात सगळ्यांना माहीत आहे. जब्बारभाई हात पुढे करून तसेच बसून राहिले. शेवटी मी गल्ल्याखालून ती काढली, पेटीत मिसळली आणि पेटी त्यांच्यासमोर उपडी केली. भाऊरावांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

त्यांनी चाळीसही वाजवल्या. जराही घाई नाही. प्रत्येक वाजवून झाली की डोळे मिटून तिला बोटांत तशीच धरून ठेवत, आवाज संपून गेल्यावरही किती तरी वेळ. शेवटी दोन बाजूला काढल्या. या दोघींतली एक, म्हणाले. या दोघींवर त्यांनी पाव तास घालवला. मग एक उचलून माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी शक्य तेवढा चेहरा दगडासारखा केला होता.

जब्बारभाईंनी एल्बो उलटी केली, आत बोट फिरवलं. रेघ लागली नाही. त्यांनी हातोडी उचलून खिशात टाकली, सदऱ्याच्या दुसऱ्या खिशातून नोटा काढल्या आणि समोरच्या टपरीकडे बघून तीन बोटं वर केली.

"भजीही आन," ते म्हणाले. "आज माह्याकडून."